टीम सारखी आपटतेय, मग हेड कोचला ठेवायचं की घालवायचं? हे ठरवायचं कसं

पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम, ॲरिझोना स्टेट असल्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत एमएस करायला आलेली आपली पोरं पहिल्या सीझनला फक्त टेलगेटला (मॅचआधी पार्किंगमध्ये चालणारी पार्टी) फुकटचं खायला जातात, दुसऱ्या सीझनला नियम कळायला लागतात आणि तिसऱ्या सीझनपर्यंत "ह्या कोचला आधी हाकला" असं ठणकावून सांगायला लागतात. सांगा की, हरकत काहीच नाही, पण त्याआधी चार गोष्टी तपासून बघायच्या असतात, त्या कुठल्या आणि कशा बघायच्या ते लिहितोय. फुटबॉल म्हणजे अर्थातच इथलं हेल्मेटवालं, आणि कॉलेजचं, जिथे एक-एक स्टेडियम लाखाच्या घरात माणसं घेतं.

सगळ्यात आधी विन-लॉस रेकॉर्ड (पहिला आकडा विजयांचा, दुसरा हारांचा) जरा बाजूला ठेवा. १२ मॅचपैकी ६ जिंकल्या की बोल गेमला, म्हणजे सीझन संपल्यावरच्या मानाच्या मॅचला पात्र, त्यामुळे ५-७ म्हणजे नापास आणि ७-५ म्हणजे पास हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण ह्या दोन टीममधला फरक कधीकधी दोन फील्ड गोलांचा (खांबांमधून किक मारून मिळणारे तीन-तीन पॉइंट) असतो. तेव्हा हरलेल्या मॅच एकेक करून काढा आणि किती पॉइंटने हरलो ते लिहा. ८ किंवा त्याच्या आत असेल तर ती एका स्कोअरची मॅच. असल्या मॅचमध्ये नशीब भरपूर असतं, फंबल झालेला, म्हणजे हातातून सुटलेला बॉल कुणाच्या हाताकडे उसळेल हे कुठलाच कोच शिकवू शकत नाही, आणि एका वर्षी अशा पाच गेल्या तर पुढच्या वर्षी त्यातल्या दोन-तीन बहुतेक वेळा आपल्या बाजूने फिरतात. म्हणून थोडक्यात हरणाऱ्या कोचला अजून एक वर्ष द्यावं, हा झाला साधा नियम.

आता ह्याच नियमाला पडलेलं भगदाड बघा. नेब्रास्का, २०२१, कोच स्कॉट फ्रॉस्ट. टीम ३-९, आणि नऊही वेळा १० पेक्षा कमी पॉइंटने हरली. त्यातली मिशिगन स्टेटची मॅच नीट बघण्यासारखी आहे. नेब्रास्का २०-१३ ने पुढे, शेवटची चारेक मिनिटं उरलेली, पंट करायचा, म्हणजे लाथ मारून बॉल समोरच्यांना लांब द्यायचा, त्यांना अडवायला धावणारी कव्हरेजची पोरं ठरल्याप्रमाणे एका बाजूला पळतात आणि बॉल जातो भलत्याच बाजूला, समोरचा रिटर्नर मोकळ्या मैदानातून ६२ यार्ड पळत टचडाऊन करतो, आणि ओव्हरटाइममध्ये २३-२० ने खेळ खल्लास. तरी नेब्रास्काने फ्रॉस्टला ठेवलं, पगार ५ मिलियनवरून ४ वर आणला, ऑफेन्सचे चार असिस्टंट घरी पाठवले. पुढच्या सीझनची पहिली मॅच डब्लिनला, नॉर्थवेस्टर्नशी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-१७ ने पुढे असताना ह्या गृहस्थाला ऑनसाइड किक (मुद्दाम आखूड किक मारून बॉल परत स्वतःच पकडायचा जुगार) सुचली. कुणी मागितली होती? बॉल नॉर्थवेस्टर्नला मिळाला, मॅच ३१-२८ ने गेली, आणि त्या अख्ख्या वर्षात नॉर्थवेस्टर्नने जिंकलेली ती एकमेव मॅच! पुढे दोन आठवड्यांत जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर ४५-४२ ने हरले आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला नारळ. एका स्कोअरच्या मॅचमधला त्याचा एकूण रेकॉर्ड ५-२२. नाणं २७ वेळा उडवलं तरी एवढं एकतर्फी पडत नाही.

म्हणजे बघायचं असं की थोडक्यात हरलेल्या मॅच प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने गेल्यात की त्याच त्या कारणाने. एकदा किकरचा बॉल खांबाला लागला, एकदा क्वार्टरबॅकचा घोटा मुरगळला, तर नशीब म्हणा. पण दर वर्षी स्पेशल टीम्समध्येच (किक आणि पंटच्या वेळी उतरणारी पोरं) घोळ, दर वर्षी शेवटच्या पाच मिनिटांत घड्याळाचा बट्ट्याबोळ, तर ती कोचची सवय आहे आणि सवय ऑफसीझनमध्ये जात नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, संकट आल्यावर कोच स्वतः काय बदलतो ते बघा. पत्रकार परिषदेत काय बोलतो ते सोडा, तिथे सगळेच "आम्ही खूप जवळ आहोत" म्हणतात. मिशिगनचा जिम हार्बो २०२० ला २-४ होता, कोविडचं वर्ष होतं हे खरं पण कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटला एकदाही हरवलं नव्हतं आणि निम्मं गाव त्याच्या मागे लागलेलं. त्याने पगार जवळजवळ निम्म्यावर आणलेला करार सही केला, डेफेन्स कोऑर्डिनेटर डॉन ब्राउनला जायला सांगितलं आणि रेव्हन्स ह्या व्यावसायिक टीमकडून पस्तिशीही न गाठलेला माइक मॅकडोनाल्ड आणला, अख्खी डेफेन्स स्कीम बदलली. २०२१ ला ओहायो स्टेटला ४२-२७ ने हरवलं, २०२३ ला १५-० आणि नॅशनल टायटल. आता फ्लोरिडाचा बिली नेपियर घ्या. हेड कोच आणि ऑफेन्सचे प्ले कॉल करणाराही (पुढची चाल कुठली ते ठरवणाराही) तोच, लोक सांगून सांगून दमले की प्ले कॉलिंग दुसऱ्याकडे द्या, नाही दिलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ॲथलेटिक डायरेक्टरने, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाच्या प्रमुखाने, जाहीर केलं की नेपियर राहणार, मग टीमने शेवटच्या चार मॅच जिंकून ८-५ केलं आणि सगळे खूश. प्ले कॉल करणारा मात्र तोच राहिला. २०२५ ला घरी साउथ फ्लोरिडाकडून हार, ३-४ वर असताना हकालपट्टी. शेवटच्या चार विजयांनी भुलू नका एवढंच म्हणणं आहे, विजय आधी येतात आणि बदल नंतर करू असं म्हणणारा कोच नंतर काहीच करत नाही.

जुन्या माणसांना व्हर्जिनिया टेकच्या फ्रँक बीमरचं उदाहरण फार आवडतं. सहाव्या वर्षी, म्हणजे १९९२ ला, २-८-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा), तरी ठेवला, पुढच्या वर्षी ९-३, आणि २०१५ ला रिटायर होईपर्यंत दर वर्षी बोल गेम. खरं आहे सगळं, पण दर संकटात बीमर बीमर करू नका, तेव्हा खेळाडू एका क्लिकवर कॉलेज सोडून जाऊ शकत नव्हते. आता ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, २०२१ पासून खेळाडूंना एनआयएलचे, म्हणजे स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे जाहिरातीतून पैसे मिळतात, आणि २०२५-२६ पासून युनिव्हर्सिटी स्वतः वर्षाला साधारण २०.५ मिलियनपर्यंत खेळाडूंमध्ये वाटू शकते. सहा वर्षं वाट बघायला कुणाकडे टीमच शिल्लक राहत नाही.

त्यामुळे तिसरी तपासणी रोस्टरची, म्हणजे टीममधल्या खेळाडूंच्या यादीची. कोण परत येणारंय, क्वार्टरबॅक कोण, लाइनमधले किती जण सीनियर. फ्लोरिडा स्टेटचा माइक नॉर्वेल ह्यासाठी बघायचा. पहिल्या दोन वर्षांत ३-६ आणि ५-७, तरी ठेवला, पोर्टलमधून जॅरेड वर्स, कीऑन कोलमन असे एकाहून एक खेळाडू उचलले, २०२३ ला १३-१. पुढच्या वर्षी तोच कोच, तोच पोर्टल, पोरं मात्र वेगळी: २-१०. मग २०२५ ला ५-७, आणि तरीही ठेवला. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ठेवला ते बरोबर होतं कारण टीम हळूहळू घडताना दिसत होती, दुसऱ्यांदा ठेवला त्यात कोचपेक्षा त्याच्या कराराचा हात जास्त होता.

तर आता चौथी गोष्ट, करार, म्हणजे बायआउट, खरी गंमत इथेच आहे. कोचला काढलं तरी करारातले उरलेले पैसे द्यावे लागतात. पब्लिक युनिव्हर्सिटी असेल तर करार सरकारी कागद आहे, गावातल्या पेपरचा स्पोर्ट्स रिपोर्टर तो मागवून छापतोच, पेपरच्या साइटवर शोधा. स्टॅनफर्ड, नॉर्थवेस्टर्न अशा खाजगी ठिकाणी तो मिळेलच असं नाही. हातात आला की तीन ओळी वाचा. एक, आज काढलं तर किती. दोन, हा आकडा कुठल्या तारखेला खाली येतो. तीन, कोचला दुसरी नोकरी मिळाली तर आपले पैसे वाचतात का.

तिन्ही ओळींची किंमत सांगतो. टेक्सस ए अँड एमने २०१७ ला जिंबो फिशरला १० वर्षांचे ७५ मिलियन दिले, २०२१ ला अजून वाढवून करार २०३१ पर्यंत नेला, आणि नोव्हेंबर २०२३ ला काढला तेव्हा ७६ मिलियनच्या आसपास देणं उरलेलं, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहाशे कोटींच्या वर! दुसरी नोकरी लागली तरी एक पैसा कमी होणार नाही अशी अट. उलट पेन स्टेटच्या जेम्स फ्रँकलिनचं देणं ४९ मिलियनच्या आसपास होतं, पण ऑक्टोबर २०२५ ला काढल्यावर तो महिन्याभरात व्हर्जिनिया टेकला गेला आणि पेन स्टेटचा हिशोब ९ मिलियनवर मिटला. आणि तारखेचं म्हणाल तर आपला फ्रॉस्टच: १५ मिलियनचा बायआउट १ ऑक्टोबर २०२२ ला ७.५ वर येणार होता, नेब्रास्काने ११ सप्टेंबरला काढला. तीन आठवड्यांची घाई, ७.५ मिलियन डॉलर. लोक म्हणतात लॉकर रूम हातातून चालली होती, असेल, पण पुढच्याच आठवड्यात ओक्लाहोमाने ४९-१४ ने धुतलं आणि सीझन ४-८ वरच संपला, तेव्हा त्या पैशांत नेमकं काय आलं हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. (जाता जाता, जिंबो फिशर आणि नेपियर दोघांनाही मिसिसिपी स्टेटला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलं. मिसिसिपी स्टेटला हरवताना कोचांनी जरा जपून.)

हे पैसे बहुतेक बूस्टर देतात, म्हणजे गडगंज माजी विद्यार्थी, त्यामुळे "आमच्या ट्यूशनमधून कोचला पैसे" हे वाक्य टाकण्याआधी आपल्या युनिव्हर्सिटीचं ॲथलेटिक बजेट कुठून येतं ते एकदा बघून घ्या. पण आता खेळाडूंनाही द्यायचे असल्यामुळे बूस्टरने बायआउटला दिलेला डॉलर क्वार्टरबॅकसाठी उरत नाही, हे नवीन दुखणं आहे.

कॅलेंडरचं थोडक्यात. हायस्कूलच्या पोरांची अर्ली साइनिंग (पुढच्या वर्षीच्या कॉलेजशी करार सही करणं) डिसेंबरच्या सुरुवातीला, पोर्टल जानेवारीत, म्हणून हल्ली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच कुऱ्हाड पडते. २०२५ ला यूसीएलए आणि व्हर्जिनिया टेक सप्टेंबरमध्ये, पेन स्टेट, फ्लोरिडा, एलएसयू ऑक्टोबरमध्ये. पण लवकर काढलं म्हणजे लवकर मिळतोच असं नाही, पेन स्टेटने १२ ऑक्टोबरच्या सुमारास जागा रिकामी केली आणि अर्ली साइनिंग उजाडली तरी नवा कोच ठरलेला नव्हता, मॅट कॅम्पबेल त्यानंतर आला.

आणि शेवटचा प्रश्न, जो ग्रुपवर कुणीच विचारत नाही: मग आणायचा कोण? नाव सांगा. "कुणीही चालेल" हे उत्तर नाही. नेब्रास्काने २००३ ला फ्रँक सोलिचला ९-३ वर असताना काढलं, का तर नऊ विजय कमी पडतात. बिल कॅलहन आला आणि पहिल्याच वर्षी १९६१ नंतरचा पहिला लॉसिंग सीझन. मग बो पेलिनी, दर वर्षी किमान नऊ विजय, त्यालाही २०१४ ला काढलं, मग माइक रायली, १९-१९. मग फ्रॉस्ट, १६-३१. तेलही गेलं, तूपही गेलं. तीन प्राध्यापकांनी १९९७ ते २०१० ची आकडेवारी घेऊन कोच बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या सारख्याच टीमची तुलना केली होती, त्यात निघालं की अगदी तळाला असलेल्या टीमला कोच बदलून फारसा फरक पडत नाही, आणि मधल्या टीमची तर बदलल्यावर उलट घसरण होते. म्हणजे टीम ६-६, ७-५ वर रेंगाळत असेल तर दगडापेक्षा वीट मऊ म्हणायला बराच आधार आहे.

तळातल्या टीमला मात्र जुगार खेळायला हरकत नाही, गमावण्यासारखं असतंच काय. इंडियानाने ३-९ नंतर टॉम ॲलनला काढून २०२३ च्या अखेरीला जेम्स मॅडिसनमधून ६२ वर्षांचा कर्ट सिग्नेटी आणला, तो आपल्या जुन्या टीममधली बरीच पोरं बरोबर घेऊन आला, पहिल्याच वर्षी ११-२ आणि २०२५ च्या सीझनला एकही मॅच न हरता नॅशनल चॅम्पियन. पण त्याच राज्यात, दोनेक तासांवर, पर्ड्यूने २०२४ ला १-११ नंतर रायन वॉल्टर्सला काढलं, जो शेवटच्या मॅचला ह्याच इंडियानाकडून ६६-० ने हरला होता, आणि नव्या कोचचं पहिलं वर्ष गेलं २-१० मध्ये. दोघांनीही काढलं ते बरोबरच, पण सिग्नेटी एकच असतो.

आता हे सगळं विस्कॉन्सिनला लावून बघू, म्हणजे सवय होईल. ल्यूक फिकल, ७-६, मग ५-७ (२२ वर्षांची बोलची परंपरा मोडली), मग ४-८, आणि नोव्हेंबर २०२५ ला ॲथलेटिक डायरेक्टरने सांगितलं की तो राहणार. हरले कसे? वाईट, ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर लागोपाठ ३७-० आणि ३४-०, इथे फिकल नापास. बदल केला का? हो, एअर रेडवाला (सतत बॉल फेकण्यावर भर देणारी पद्धत) कोऑर्डिनेटर काढून परत रनिंगकडे, म्हणजे बॉल घेऊन पळण्याकडे वळला, उशिरा पण वळला. रोस्टर? पहिला क्वार्टरबॅक पहिल्याच मॅचला जखमी, थोडी सूट. बाजार? त्याच महिन्यात एलएसयू, फ्लोरिडा, पेन स्टेट सगळे कोच शोधत होते, त्या गर्दीत विस्कॉन्सिनला तिसरं-चौथं नाव मिळालं असतं. मीही ठेवला असता, नाक मुरडत, आणि करारात एक दिवसही न वाढवता. २०२६ च्या ऑक्टोबरमध्ये परत एखाद्या मॅचला शून्य लागलं तर माझ्याकडून सूट बंद.