नोकरी गेली, मधल्या काळात वेचणीला गेलात? ईएसआयसीच्या बेकारी मदतीसाठी अर्ज करताना या चुका टाळा

बुटीबोरी, हिंगणा नाहीतर हिंगणघाटकडच्या कारखान्यातून कमी केलेला माणूस गावी आला की रिकामा बसत नाही. कापसाची वेचणी सुरू असते, जिनिंगमध्ये हंगामी काम निघतं, कोणी रात्रपाळीला पेट्रोल पंपावर उभा राहतो. घर चालवायचं तर हे करावंच लागतं. पण पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची वर्गणी) कापली जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून जास्तीत जास्त 90 दिवसांची मदत मिळू शकते. ही मदत गरज पाहून नाही, तारखा पाहून मंजूर होते, आणि अर्ज अडतो तो तिथेच.

योजना 1 जुलै 2018 पासूनची. ती ठरावीक मुदतीची असते आणि मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे अर्जाआधी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात चालू मुदत विचारून घ्या.

किरकोळ काम लपवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जर्मनीत आठवड्याला 15 तासांपेक्षा कमी काम केलं तर बेकारी भत्ता चालू राहतो, वरची कमाई ठरावीक रकमेपुरती सोडून बाकीची वजा होते. आपल्याकडच्या या योजनेत असा मधला रस्ता नाही. ज्या दिवसांसाठी मदत मागता, त्या दिवसांत तुम्ही बेरोजगार होतात असं लिहून द्यावं लागतं. दोन ठिकाणी काम करत असाल आणि दोन्हीकडे ईएसआयसी असेल, तर एक नोकरी जाऊन भागत नाही. दोन्ही गेल्या तरच तुम्ही बेरोजगार ठरता.

मग चार दिवस वेचणीला गेलेल्या माणसाने काय करावं? तारखा लिहून ठेवाव्यात आणि अर्ज भरण्याआधी शाखा कार्यालयात सरळ विचारावं. "कोणाले माहीत पडते?" हा युक्तिवाद आता चालत नाही. रोहयोच्या हजेरीपटावर तारखेनिशी नाव असतं, जिनिंगवाल्याने मजुरी खात्यात टाकली की पासबुकात नोंद राहते, आणि नव्या ठिकाणी ईएसआयसी किंवा पीएफ सुरू झाला तर ते तुमच्या आधारलाच जोडलेलं असतं. खोटं लिहून दिल्याचं निघालं तर घेतलेले पैसे परत करावे लागतात, शिवाय कायद्याने तो गुन्हा आहे. दोन-तीनशे रुपये रोजासाठी हा धोका घेण्यात अर्थ नाही. मधेच पक्की नोकरी लागली तर नोकरी सुटल्यापासून ती लागेपर्यंतच्याच दिवसांचा दावा करायचा.

पुढच्या दिवसांचे पैसे आधी मागता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. नोकरी गेल्यावर 30 दिवस झाले की दावा करता येतो. "दिवाळीनंतर पाहू" म्हणत बसायचं नाही, कारण नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

"भाऊ, इथं सही मारा"

ठेकेदाराचा सुपरवायझर कागद पुढे करतो: "भाऊ, इथं सही मारा, म्हणजे हिशोब लवकर भेटते." वाचायला वेळ दिला जात नाही, कारण तो बहुतेकदा राजीनामा असतो. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलेल्याला, सेवानिवृत्ताला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ही मदत मिळत नाही. राजीनाम्यावर सही असली की तुम्हाला कमी केलं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं, आणि कपातीची, म्हणजे कामगार कमी केल्याची, नुकसानभरपाईही हातची जाऊ शकते.

कागदाइतकीच महत्त्वाची नोंद संगणकात असते. मालक दर महिन्याची वर्गणी भरतो तेव्हा काम सोडलेल्या कामगारापुढे कारण आणि कामाचा शेवटचा दिवस टाकतो. तिथे 'नोकरी सोडली' आहे की 'कपात', हे ईएसआयसीच्या पोर्टलवर किंवा शाखा कार्यालयात बघून घ्या. चुकीचं असेल तर मालकाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या आठवड्यात कोणी ओळखत नाही.

शेवटच्या पगाराच्या निम्मे मिळतील असं धरून चालणं

मदत सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के असते, पण सरासरी काढायची रीत वेगळी आहे. मागच्या चार वर्गणी कालावधींची, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई घेऊन तिला 730 ने भागतात. समजा दोन वर्षांत 2,92,000 रुपये मिळाले. रोजचे झाले 400, त्याचे निम्मे 200, आणि 90 दिवसांचे 18,000. मधे ले-ऑफमुळे चार महिने घरी होतात तरी भागाकार 730 नेच होतो. दुकानातली उधारी या आकड्याच्या भरवशावर वाढवू नका. आणि हे 90 दिवस आयुष्यभराचे आहेत, दर नोकरीला नव्याने मिळत नाहीत.

दोन विमा क्रमांक

ठेका बदलला की नवा ठेकेदार जुना ईएसआयसी विमा क्रमांक न विचारता नवा काढून मोकळा होतो. पात्रतेसाठी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी लागते. शिवाय नोकरी जाण्याच्या लगत आधीच्या वर्गणी कालावधीत (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) किमान 78 दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी निदान एका कालावधीत तेवढीच. वर्गणी दोन क्रमांकांत वाटली गेली की संगणकाला तुम्ही अपात्र दिसता. जुन्या-नव्या पगारपावत्या आणि आधार घेऊन शाखा कार्यालयात क्रमांक एकत्र करायचा अर्ज द्या. हे दाव्याच्या आधी, नंतर नाही.

खातं आणि आधार

आधारवर 'रामेश्वर' आणि ईएसआयसीच्या पहचान कार्डावर 'रामेश' एवढ्यावरूनही काम अडतं. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत खातं असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. 1 मे 2025 पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी तसाच टाकण्याआधी शाखेत खात्री करा.

अर्ज मालकामार्फत पाठवायची गरज नाही. दावा ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो. सेतू केंद्रात भरून घेत असाल तर कामाचा शेवटचा दिवस आणि दाव्याच्या तारखा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय त्याला बटण दाबू देऊ नका. आणि मदत चालू असेपर्यंत ईएसआयचा दवाखानाही चालू असतो. घरात कोणाला बीपी-शुगरच्या गोळ्या लागत असतील तर मेडिकलमधून विकत आणण्याआधी तिकडे जाऊन या.