आरपीझेड बॅकफ्लो प्रिव्हेंटरची चाचणी: काट्यावर विश्वास ठेवण्याआधी दोन नंबरचा व्हॉल्व्ह तपासा

'लाइनवर एनआरव्ही आहे ना, मग पाणी उलटं येणारच नाही,' हा सल्ला कुपवाड एमआयडीसीपासून मिरजेच्या हॉस्पिटलांपर्यंत सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. एनआरव्हीच्या (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने सोडणारा) झडपेत बोअरची रेती अडकली की पाणी मागे येतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही, कारण तपासायला त्यावर टेस्ट कॉकच नसतात. बॉयलर, केमिकल डोसिंग, कूलिंग टॉवर असलं काही पिण्याच्या लाइनला जोडलेलं असेल, तर तिथे आरपीझेडच (रिड्यूस्ड प्रेशर झोन, म्हणजे मध्ये कमी दाबाचा कप्पा ठेवून पाणी उलटं येऊ न देणारा बॅकफ्लो प्रिव्हेंटर) हवा. त्यात दोन चेक (पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपा) असतात, त्यांच्यामध्ये पाणी बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, दोन्ही टोकांना एकेक शटऑफ (लाइन बंद करायचा व्हॉल्व्ह; पाणी बाहेर पडतं त्या टोकाचा तो दोन नंबरचा) आणि चार टेस्ट कॉक (गेज जोडायच्या छोट्या तोट्या, पाण्याच्या दिशेने १ ते ४ नंबरच्या). नळाला पाणी ठराविक तासच येत असेल तर गरज आणखी वाढते: पुरवठा थांबला की रिकामी होणारी लाइन इमारतीतलं पाणी मागे ओढते.

वर्षातून एकदा, आणि दुरुस्तीनंतर लगेच, चाचणी करायची. १५ पीएसआयपर्यंतचं (पाउंड प्रति चौरस इंच) डिफरन्शियल गेज, म्हणजे दोन ठिकाणच्या दाबांतला फरक दाखवणारं गेज लागतं, तेही वर्षभरात कॅलिब्रेट केलेलं. साधं प्रेशर गेज चालत नाही.

सगळ्यात आधी दाब पाहा. छतावरच्या टाकीचं पाणी १० मीटर खाली येतं तेव्हा चौरस सेंटिमीटरला जेमतेम १ किलो दाब मिळतो आणि आरपीझेड त्यातला बराचसा स्वतःच खातो. इतक्या दाबावर घेतलेल्या आकड्यांवर विसंबू नका. बूस्टर पंप दर अर्ध्या मिनिटाला चालू-बंद होत असेल तर काटा नाचत राहतो, तेव्हा चाचणी होईपर्यंत पंप सलग चालवा. पाणी बंद राहणार हे आधी कळवा. फायर लाइन असेल तर फायर अलार्मचं पॅनेल सांभाळणाऱ्यालाही सांगा.

टेस्ट कॉक धुताना ४ नंबर आधी उघडा. तो वाहता ठेवूनच ३, २ आणि १ सावकाश उघडून कचरा काढा. २ नंबर झटक्यात उघडला तर रिलीफ व्हॉल्व्हला वरचा दाब कमी झाल्यासारखा वाटतो आणि तो भसकन पाणी सोडतो. अॅडॉप्टरला टेफ्लॉन गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तुकडे गेजच्या सुईव्हॉल्व्हमध्ये जातात.

गेजची हायची (जास्त दाबाची) नळी टेस्ट कॉक २ ला, लोची (कमी दाबाची) टेस्ट कॉक ३ ला. गेजच्या सगळ्या चाव्या बंद. आधी ३ नंबर उघडून लो बाजूची हवा काढा. लोचा ब्लीड (गेजमधली हवा-पाणी बाहेर सोडणारी चावी) चालू ठेवूनच २ नंबर सावकाश उघडा आणि हाय बाजूची हवा काढा. हा क्रम उलटा केलात तर रिलीफ उघडेल. हायचा ब्लीड बंद करा, काटा वर टेकला की लोचाही हळूहळू बंद करा. आता दोन नंबरचा शटऑफ बंद करा. काटा जिथे स्थिरावेल तो पहिल्या चेकचा कच्चा आकडा. स्थिरावण्याऐवजी काटा घसरत जाऊन रिलीफ वाहू लागला, तर पहिला चेक गळतो आहे. तिथेच थांबा.

मग हायची चावी एक आटा उघडा आणि लोची जास्तीत जास्त पाव आटा. काटा सावकाश उतरेल. रिलीफच्या तोंडाशी हात धरून पहिला थेंब पडताक्षणी आकडा वाचा. तो २ पीएसआय किंवा त्याहून जास्त हवा. चावी घाईने उघडली तर थेंब दिसेपर्यंत काटा पुढे गेलेला असतो आणि चांगला रिलीफ नापास ठरतो. लोची चावी बंद करा.

गेजच्या तिसऱ्या, बायपासच्या नळीतली हवा काढून ती ४ नंबरला जोडा, ४ नंबर उघडा, लोच्या ब्लीडने काटा पुन्हा वर न्या आणि बायपासची चावी उघडा. काटा थोडा खाली येईल, कारण मागून दाब आल्यावर दुसऱ्या चेकचं रबर दबतं. काटा रिलीफच्या आकड्यापर्यंत उतरला तर ब्लीडने एकदा वर आणून पाहा. मग वरच थांबला तर चेक घट्ट. पुन्हा उतरून रिलीफ वाहत राहिला तर दुसरा चेक गळतो.

आता खरा घोळ. वरचे सगळे आकडे एकाच गृहीतकावर उभे आहेत: बंद केलेला दोन नंबरचा शटऑफ खरोखर बंद आहे. पाणी क्षारयुक्त असेल तर वर्षभर हात न लागलेल्या व्हॉल्व्हच्या सीटवर पांढरा थर बसतो. हँडल आडवं होतं, पाणी मात्र झिरपत राहतं. या झिरपण्याने दोन्ही चेकचे दोष झाकले जातात. पहिल्या चेकमधून पाणी वाहत असल्यामुळे त्याच्या दोन बाजूंत दाबाचा फरक टिकून राहतो आणि कचरा अडकलेला चेकही काट्यावर ठणठणीत दिसतो. दुसऱ्या चेकवर मागून दाब द्यायला आपण ४ नंबरमध्ये पाणी सोडतो, तर ते शटऑफमधून पुढे निघून जातं. चेकवर दाब येतच नाही आणि फाटक्या रबराचा चेक पास होतो. सगळे आकडे छान आले म्हणून खूश होऊ नका.

ओळखायची पद्धत सोपी आहे. बायपास ४ नंबरला चालू असताना टेस्ट कॉक २ बंद करा आणि काटा पाहा. जागेवर राहिला तर शटऑफ घट्ट. कोसळला तर शटऑफ गळतो, कारण हाय बाजूला आता दुसरीकडून पाणी मिळत नाही आणि आहे ते गळतीतून निघून जातं. काटा वर चढला तर पलीकडून दाब येतो आहे. तो कुठून येतो हे आधी शोधा.

गळत असेल तर व्हॉल्व्ह दोन-तीनदा पूर्ण उघडून बंद करा. सीटवरचा कचरा बऱ्याचदा वाहून जातो. तरी गळला तर पुढच्या लाइनवरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करा. तोही नसेल तर एक वेगळी नळी टेस्ट कॉक १ वरून ४ ला जोडा, म्हणजे गळतीला लागणारं पाणी पहिल्या चेकमधून न जाता या नळीतून जाईल. २ नंबर बंद ठेवूनच काटा थांबतो का बघा. थांबला तर २ नंबर उघडून पुढची चाचणी करा. नळी पुरी पडत नसेल तर शटऑफ बदला आणि मगच परत या. अशा वेळी अहवालात 'पास' लिहू नये आणि 'नापास'ही लिहू नये, कारण चाचणी झालेलीच नसते. पाना लावून हँडल आणखी आवळणं हा उपाय नव्हे. त्याने स्पिंडल मोडतो.

शटऑफची खात्री झाली की लोच्या ब्लीडने काटा वर नेऊन सोडा आणि पहिल्या चेकचा पक्का आकडा घ्या. तो किमान ५ पीएसआय हवा, आणि रिलीफच्या आकड्यापेक्षा ३ ने जास्त असेल तर उत्तम. रिलीफ ३ ला उघडतो आणि चेक ५ धरतो अशा जोडीत पंपाच्या छोट्या धक्क्यानेही रिलीफ थुंकत राहतो.

रिलीफ सतत गळतो अशी तक्रार असेल तर दोन नंबरचा शटऑफ बंद करा. गळती थांबली तर दुसरा चेक खराब आहे आणि मागून दाब येतो आहे. नाही थांबली तर टेस्ट कॉक ४ उघडून पाणी वाहू द्या. त्याने थांबली तर पहिल्या चेकमध्ये कचरा आहे. तरीही चालूच राहिली तर दोष रिलीफमध्ये. रबराला पेट्रोलियम ग्रीस लावू नका, फूड ग्रेड सिलिकॉनच वापरा.

काम झालं की टेस्ट कॉक बंद करा, नळ्या काढा आणि शटऑफ सावकाश उघडा. अहवालात सिरियल नंबर, साइज, लाइनचा दाब आणि दुरुस्तीआधीचे व नंतरचे आकडे वेगवेगळे लिहा.

आरपीझेड खड्ड्यात बसवलेला असेल तर चाचणी पास झाली तरी तो वर घ्यायला सांगा. जमिनीपासून निदान ३०० मिलिमीटर उंच हवा, आणि रिलीफखाली ड्रेनपर्यंत पाइपाच्या दुप्पट व्यासाइतकी, किमान २५ मिलिमीटर, मोकळी जागा हवी. २००५, २०१९ आणि २०२१ ला सांगलीत कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते लोकांना माहीत आहे. रिलीफचं तोंड पुराच्या पाण्यात गेलं की तेच पाणी आत शिरायची वाट होते. असा बुडालेला आरपीझेड पूर्ण उघडून, धुऊन, रबरं बदलून नव्याने तपासल्याशिवाय त्याच्या पुढचे नळ चालू करू नयेत.