वायरलेस माउस ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं काम. चार्जिंगचे वायरलेस माउस स्वस्त झाल्यापासून एकच वाक्य फार ऐकतो, ‘माउस गेला, आता कुठला घेऊ?’ जाऊन बघावं तर माउस बहुतेक वेळा धडधाकट असतो. डोंगल (माउससोबत येणारा, कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) चुकीच्या जागी, केबल चुकीची, नाहीतर खालचं बटण बंद. एवढ्यासाठी लोक माउस टाकून देतात, विंडोज नव्याने टाकून घेतात, याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून हे लिहितो आहे.

डोंगल सीपीयूच्या मागे लावणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. आईकडून आणि गावातल्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या ते दोन वर्षं टाइप करत होते. काम सुरक्षित राहावं म्हणून त्यांनी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली आणि त्याच दिवसापासून माउस बिघडला. बाण दोन इंच सरके, थबके, मग एकदम कोपऱ्यात उडी. माउस बदलला, तरी तेच. डिस्क लावली की बाण उडतो, हे सरांनी बरोबर हेरलं होतं. पण त्यावरून डिस्कमध्ये व्हायरस आहे असं त्यांनी धरलं. दुकानात नेलं तर तिथेही कुणी खोलात गेलं नाही, कॉम्प्युटर आणि डिस्क दोन्ही फॉरमॅट करून दिले. ओव्या गेल्या. घरी आणून सगळं परत जोडलं, तर बाणाच्या उड्या पुन्हा सुरू.

मला बोलावलं ते त्यानंतर. टेबलाखाली वाकून पाहिलं तर मागे दोन निळे यूएसबी पोर्ट शेजारी शेजारी, एकात हार्ड डिस्कची केबल, दुसऱ्यात डोंगल. मी डोंगल एक मीटरच्या एक्स्टेंशन केबलला लावलं आणि वर घेऊन मॉनिटरच्या पायाशी टेपने चिकटवलं. बाण सरळ चालायला लागला. सर बराच वेळ माउस नुसता इकडून तिकडे फिरवत होते. मग म्हणाले, “एवढंच होतं का रे?” वह्या शिल्लक आहेत म्हणून ते आता पहिल्या ओवीपासून पुन्हा टाइप करताहेत.

यामागचं कारण साधं आहे. डोंगल २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर माउसशी बोलतं. यूएसबी ३.० मधून, म्हणजे त्या निळ्या पोर्टमधून, सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती धावते, तेव्हा पोर्ट, केबल आणि डिस्क यांतून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका याच पट्ट्यात येतो. ही माझी अटकळ नाही, इंटेलने २०१२ मध्ये स्वतः यावर सविस्तर टिपण काढलं आहे. माउसचा आवाज मुळात बारीक, त्यात शेजारी हा कल्लोळ, आणि मध्ये सीपीयूचा पत्रा. डोंगलला कळणार काय? वेगवान पोर्टमध्ये डोंगल लावून माउसचा वेगही वाढत नाही, माउसकडून येणारी माहिती अगदी थोडी असते. तेव्हा निळा पोर्ट पेन ड्राइव्हला सोडा आणि डोंगल समोरच्या काळ्या पोर्टमध्ये लावा. मी तर एक्स्टेंशन केबल पिशवीत ठेवूनच फिरतो. साधी यूएसबी २.० ची पुरते. माउसपासून हातभर अंतरावर डोंगल दिसलं पाहिजे, ही माझी सवय. राउटर टेबलावरच असेल तर तोही लांब सरकवा, त्याचं २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय याच पट्ट्यात असतं.

मोबाइलच्या चार्जरला लावून ‘चार्ज होत नाही’ म्हणणं

ही दुसरी. नव्या मोबाइलची केबल दोन्ही बाजूंनी टाइप-सी असते. ती माउसला लावली, दिवा लागला नाही, की माउस मेला असं जाहीर होतं. अशा केबलवर चार्जर लगेच वीज सोडत नाही. समोरच्या वस्तूत ५.१ किलोओहमचे रेझिस्टर (वीज अडवणारे बारीक भाग) आहेत का हे तो आधी तपासतो, मगच ५ व्होल्ट देतो. कित्येक स्वस्त माउसमध्ये पैशापैशाच्या बचतीसाठी हे रेझिस्टर घातलेलेच नसतात. मग चार्जर गप्प आणि माउसही गप्प. डब्यात माउससोबत आलेली केबल काढा, एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी पिन असलेली. त्यावर वीज थेट येते. ती केबल मी माउसलाच रबर लावून ठेवायला सांगतो, कारण घरात ती सगळ्यात आधी हरवते.

फास्ट चार्जरने माउस लवकर भरेल ही आशाही सोडा. किती वीज घ्यायची ते माउसमधली चार्जिंगची चिप ठरवते. कॉम्प्युटरचा पोर्ट पुरेसा आहे, पण कॉम्प्युटर चालू असताना. बंद केल्यावर कित्येक कॉम्प्युटरांचे पोर्ट वीज देत नाहीत. रात्री माउस लावून झोपायचं आणि सकाळी रिकामाच, ही तक्रार त्यातलीच असते.

आणखी एक. मे महिन्यात गावाला जाताना माउस संपलेला तसाच कपाटात टाकू नका. लिथियमची बॅटरी पडून पडून आणखी उतरते आणि फार खाली गेली की पुन्हा चार्ज घेत नाही. निम्मं चार्ज करा, खालचं बटण बंद करा, मग ठेवा. ज्या माउसमध्ये पेन्सिल सेल घालून केबलने चार्ज करतात, त्यात फक्त रिचार्जेबल, १.२ व्होल्टचे सेलच घाला. साधा अल्कलाइन सेल चार्ज करायला लावला तर तो गळतो, कधी फुटतोही.

बाकीच्या थोडक्यात

काचेच्या टेबलावर माउस चालत नसेल तर खाली वही ठेवा, सेन्सरला आरपार काचेवर काही दिसत नाही. बाण एकाच जागी थरथरत असेल तर माउस उलटा करा, लेन्सच्या खळग्यात केस अडकलेला असतो. कोरड्या कापसाच्या काडीने काढा, फुंकर मारू नका, थुंकी उडते.

एका क्लिकचे दोन क्लिक होतात? आतला स्विच झिजला आहे, चार्ज करून काही होणार नाही.

ज्या माउसमध्ये डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही असतं, त्याच्या खालचं निवडीचं बटण चुकून दाबलं जातं. ते पाहायच्या आधी ड्रायव्हर (माउस चालवणारं सॉफ्टवेअर) शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. ड्रायव्हर देतो म्हणणाऱ्या अनोळखी साइटवरून काहीबाही उतरवून घेणाऱ्या उतावळ्यांचे कॉम्प्युटर मला नंतर दोन दोन दिवस साफ करावे लागतात. साध्या माउसला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.

थोडा वेळ न हलवता ठेवल्यावर माउस उठत नसेल तर आधी क्लिक करून बघा, काही माउस नुसत्या हलवण्याने जागे होत नाहीत. तरीही नाही उठला तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगल ज्यावर आहे त्या यूएसबी हबची पॉवर बचतीची खूण काढा.

घरात सारखे दोन माउस असतील तर प्रत्येक माउसवर आणि त्याच्या डोंगलवर नेलपॉलिशचा एकाच रंगाचा ठिपका द्या, दुसऱ्या जोडीला वेगळा रंग. एकाचं डोंगल दुसऱ्याला बहुधा चालत नाही.

माउसचं वरचं झाकण उचललं गेलं, बटण दाबायला घट्ट झालं, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग त्या क्षणी थांबवा. टोचू नका, दाबून झाकण बसवू नका आणि घंटागाडीच्या कचऱ्यात अजिबात टाकू नका, गाडीत दबली तर आग लागते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आणि जुना वायरचा माउस भंगारात घालू नका. ब्लूटूथ माउस बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बहुधा चालत नाही, विंडोज बसलं असेल तेव्हा तो वायरवालाच कामाला येतो. माझा टेबलाच्या खालच्या खणात असतो.