बाण पोटात लागला तर घाई करू नका
अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने शिकार करताना व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणावर बाण सोडला, ते नेमकं वळलं आणि बाण पोटात गेला, आणि मी अर्ध्या तासातच मागावर निघालो, तीच चूक झाली, बसलेलं हरीण उठून पळालं आणि सापडलंच नाही, अजून जीवाला लागतं ते. म्हणून आधी बाण शोधा, त्यावरचं रक्त बघा, वास घ्या. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास पुरे. गडद लाल असेल तर लिव्हर, ४ ते ६ तास थांबा. हिरवट घाण, उग्र वास आला की पोट, मग आवाज न करता मागे फिरा आणि ८ ते १२ तास तिकडे जाऊच नका, हुसकवलं नाही तर ते बहुतेक जवळच बसतं. माग काढताना शेवटचं रक्त दिसेल तिथे खुणेसाठी टेप बांधत जा. आणि हरीण समोर तोंड करून उभं असेल तर बाण सोडूच नका प्लीज.