मंडळाची कोणती गोष्ट कोणत्या माध्यमावर टाकावी?

मुंबईतील अनेक सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांकडे आज व्हॉट्सॲपचे दोन-चार ग्रुप, फेसबुकचे पेज, इन्स्टाग्रामचे खाते आणि यूट्यूबचे चॅनल असते, आणि तरीही आगमनाच्या आदल्या रात्री "उद्या कारखान्यावर किती वाजता जमायचे?" या एकाच प्रश्नासाठी अध्यक्षांचा फोन वाजत राहतो. एकच पोस्टर त्याच मजकुरासह सगळीकडे एकाच वेळी चिकटवण्याची सवय हे याचे मुख्य कारण आहे. यातले प्रत्येक माध्यम वेगळ्या कामासाठी घडलेले आहे आणि ते काम ओळखून वापरले, तर कार्यकर्त्यांची बरीच धावपळ वाचते. पुढील मार्गदर्शन मंडळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असले, तरी गृहनिर्माण संस्था, महिला मंडळ किंवा व्यायामशाळा यांनाही ते थोड्याफार फरकाने लागू पडेल.

मजकूर तयार करण्याआधी कार्यकारिणीने तीन गोष्टी ठरवाव्यात : तो कोणी वाचायचा आहे, किती दिवस उपयोगी राहणार आहे आणि वाचणाऱ्याकडून उत्तर हवे आहे का. रविवारी मंडपाच्या कामाला किती जण येणार, ही विचारणा पंचवीस-तीस ओळखीच्या माणसांना करायची असते, तिला उत्तर हवे असते आणि सोमवारी तिचा काहीही उपयोग उरत नाही. दर्शनाची वेळ अनोळखी माणसांसाठी असते, उत्सव संपेपर्यंत ती सापडली पाहिजे आणि तिला उत्तराची गरज नसते. मंडळाच्या जुन्या उत्सवांची छायाचित्रे तर वर्षानुवर्षे पाहिली जावीत अशी अपेक्षा असते. या तीन प्रकारच्या मजकुरांची जागा एक असू शकत नाही.

सर्वाधिक गोंधळ व्हॉट्सॲपवर होतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. हे माध्यम एकमेकांचे फोन नंबर ठाऊक असलेल्या माणसांसाठी बनलेले आहे. एका ग्रुपमध्ये १,०२४ जण बसू शकतात, पण म्हणून तितके बसवावेत असे नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा एक आटोपशीर ग्रुप असावा आणि तेथे सर्वांना बोलता यावे. सभासदांचा मोठा ग्रुप वेगळा ठेवून त्यात फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सोय सेटिंगमधून करावी. सजावट, वर्गणी, स्वयंसेवक आणि मिरवणूक अशा समित्या असतील, तर त्यांचे ग्रुप एका कम्युनिटीखाली आणावेत, म्हणजे सर्वांना उद्देशून असलेली सूचना एकदाच द्यावी लागते. किती जण येणार हे मोजण्यासाठी 'पोल' वापरावा. शंभर अंगठे आणि हात जोडलेल्या चित्रांमधून होकार वेचण्याचा त्रास त्यामुळे वाचतो. ब्रॉडकास्ट लिस्टमधील निरोप एका वेळी २५६ जणांपर्यंत जातो खरा, परंतु ज्यांनी मंडळाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो मिळतो, हे न कळल्यामुळे "आम्हाला निरोपच आला नाही" अशा तक्रारी दर वर्षी होतात.

निरोप लिहिण्याचीही एक रीत आहे. तारीख, वार, वेळ आणि ठिकाण नेहमी टाइप केलेल्या मजकुरात द्यावे. पोस्टरच्या चित्रात दडलेली वेळ ग्रुपमध्ये शोधून सापडत नाही, आणि वयस्कर सभासदांना ती लहान पडद्यावर वाचताही येत नाही. वेळ चुकीची लिहिली गेली, तर पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत निरोप सुधारता येतो. त्यानंतर मात्र जुना निरोप गुपचूप काढून न टाकता 'बदल' असा ठळक शब्द घालून नवा निरोप द्यावा, कारण जुना निरोप तोवर कोणीतरी पुढे पाठवलेला असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना केवळ व्हॉट्सॲपवर देऊन भागत नाही. ती मंडळाच्या घटनेत सांगितलेल्या रीतीने आणि मुदतीत दिली पाहिजे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत आदर्श उपविधींनुसार ही मुदत पूर्ण १४ दिवसांची असते. ग्रुपवरील निरोप ही त्या सूचनेची आठवण समजावी.

ग्रुपच्या निमंत्रणाची लिंक फेसबुक पेजवर किंवा चौकातल्या फलकावर देऊ नये. ती उघडणाऱ्या कोणालाही सर्व सभासदांचे नंबर दिसतात आणि त्यांत महिला कार्यकर्त्यांचेही नंबर असतात. भाविकांना सूचना द्यायच्या असतील, तर व्हॉट्सॲपचे चॅनल उघडावे. तेथे अनुयायांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. समुद्राच्या भरतीच्या वेळा, बंद रस्ते आणि गर्दीतील अफवा यांविषयी आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी त्यावर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असे दर्शवणारा दुहेरी बाण आहे का ते पाहावे. अशा निरोपांमुळे झालेल्या अनर्थांनंतर २०१८ मध्ये भारतात एकाच वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी निरोप पुढे पाठवण्यावर व्हॉट्सॲपने मर्यादा आणली, आणि २०२० पासून दुहेरी बाणाचा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. महापालिकेच्या किंवा वाहतूक पोलिसांच्या स्वतःच्या खात्यावर ती माहिती दिसत नसेल, तर मंडळाच्या नावाने ती पसरवू नये.

फेसबुकचा खरा उपयोग पांगलेल्या माणसांना एकत्र आणण्यासाठी आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळमधील कितीतरी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपारा येथे गेली, पण त्यांचा गणपती मात्र जुन्या गल्लीतच राहिला. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासून चालू आहे, चिंचपोकळीच्या चिंतामणीचे मंडळ १९२० चे आहे. अशा जुन्या वस्त्यांतील मंडळांकडे छायाचित्रांचा मोठा साठा असतो. एखादे जुने छायाचित्र वर्ष आणि ठिकाणासह फेसबुकवर टाकले, की त्यातली माणसे ओळखणारे प्रतिसाद देतात आणि मंडळाचा इतिहास आपोआप नोंदला जातो; हे काम इन्स्टाग्रामवर क्वचितच जमते. मंडळाच्या नावाने वैयक्तिक प्रोफाइल मात्र उघडू नये. तो प्रकार फेसबुकच्या नियमांत बसत नाही, मित्रांची संख्या ५,००० वर अडकते आणि सगळा कारभार एकाच पासवर्डवर चालतो. पेज उघडावे, त्यावर किमान दोघांना पूर्ण अधिकार द्यावेत आणि रक्तदान शिबिर किंवा आरोग्य तपासणी यांसाठी 'इव्हेंट' तयार करावा.

इन्स्टाग्राम हे दृश्याचे माध्यम आहे आणि तिथला प्रेक्षक तरुण आहे. कार्यकारिणीतील तीस जणांच्या पासपोर्ट आकाराच्या फोटोंनी भरलेले पोस्टर येथे कोणी थांबून पाहत नाही. (फ्लेक्सवरही ते कोणी पाहते का, हा वेगळा प्रश्न आहे.) मातीकामापासून रंगकामापर्यंतचे टप्पे, डोळ्यांच्या आखणीचा क्षण, ढोल-ताशा पथकाचा सराव असे उभे चित्रण रील म्हणून टाकावे, कारण रील मंडळाच्या अनुयायांपलीकडच्या लोकांनाही दाखवली जाते. मूर्तिकार आणि पथक यांच्या खात्यांशी मिळून 'कोलॅब' पोस्ट केल्यास एकच चित्रण दोन्ही खात्यांवर दिसते आणि श्रेयाचा प्रश्नही सुटतो. आजपुरती माहिती, म्हणजे आज रात्री रांग किती वाजता बंद होणार, ही २४ तासांत नाहीशी होणाऱ्या स्टोरीत द्यावी; मंडपापर्यंत पोहोचण्याचा रस्ता आणि जवळचे स्थानक अशी कायम लागणारी माहिती हायलाइटमध्ये, म्हणजे खात्यावर कायम राहणाऱ्या स्टोरीत, ठेवावी. पोस्टखालच्या मजकुरातील लिंक दाबून उघडत नाही, म्हणून नकाशाची लिंक खात्याच्या परिचयातच असावी. मुखदर्शन होईपर्यंत मूर्तीचा चेहरा बाहेर जाऊ नये असा मंडळाचा आग्रह असेल, तर पहिले छायाचित्र कोण काढणार आणि ते किती वाजता प्रसिद्ध होणार, हे कार्यकर्त्यांना आगमनाआधीच सांगावे. एरवी एखाद्या उत्साही मुलाच्या स्टेटसवर ते आधी झळकते आणि मग वाद होतात.

आरती, व्याख्यान किंवा मिरवणूक यांचे थेट प्रक्षेपण शक्यतो यूट्यूबवर करावे. फेसबुकवरील थेट चित्रण २०२५ पासून ३० दिवसांनंतर काढून टाकले जाते, त्यामुळे तेथे दस्तऐवज उरत नाही. यूट्यूबची तयारी मात्र आधी करावी लागते : नव्या चॅनलवर थेट प्रक्षेपणाची सोय सुरू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो आणि मोबाइलवरून प्रक्षेपण करायचे असेल, तर चॅनलचे किमान ५० सदस्य (सबस्क्रायबर) असावे लागतात. म्हणजे प्रतिष्ठापनेच्या सकाळी चॅनल उघडून चालत नाही. दुसरी अडचण खास मुंबईची आहे. यूट्यूब १२ तासांपर्यंतचे प्रक्षेपण आपोआप जतन करते आणि आपल्याकडील मोठ्या मिरवणुका तर अनंत चतुर्दशीला निघून दुसऱ्या दिवशी चौपाटीवर पोहोचतात. म्हणून प्रक्षेपणाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येकाच्या शीर्षकात तो टप्पा लिहावा. ध्वनिवर्धकावर चित्रपटगीत वाजत असेल, तर गाण्याच्या स्वामित्व हक्काच्या (कॉपीराइट) कारणावरून प्रक्षेपण थांबवले जाऊ शकते. त्या वेळी कॅमेऱ्याने पथकाचे वादन टिपावे. केवळ सभासदांसाठी असलेली ध्वनिचित्रफीत 'अनलिस्टेड', म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल अशी, ठेवून तिची लिंक सभासदांच्या ग्रुपवर द्यावी.

एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर, मंडळाने प्रसिद्धीसाठी फारसे वापरले नाही तरी चालेल. सार्वजनिक यंत्रणांशी उघडपणे बोलण्यासाठी मात्र ते वापरावे. मुंबई पोलिस २०१५ च्या डिसेंबरपासून तेथे आहेत, महापालिकेचे आणि तिच्या विभाग कार्यालयांचेही खाते आहे, पश्चिम आणि मध्य रेल्वेचेही आहे. मिरवणुकीच्या मार्गावर खड्डा असेल किंवा झाडाची फांदी मूर्तीच्या उंचीच्या आड येत असेल, तर रस्त्याचे नाव, जवळची ओळखीची खूण, विभागाचे नाव (उदाहरणार्थ, एफ दक्षिण), दिनांक, एक स्पष्ट छायाचित्र आणि एकच मागणी लिहावी. पाच यंत्रणांना एकाच पोस्टमध्ये टॅग केले, की प्रत्येकीला ते काम दुसरीचे वाटते. विनाशुल्क खात्याला २८० चिन्हांची मर्यादा असून त्यात काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी मोजली जाते, म्हणून 'सविनय सादर की' अशी प्रस्तावना येथे परवडणारी नाही. मिळालेला तक्रार क्रमांक मंडळाच्या वहीत उतरवून ठेवावा. मंडपाची परवानगी आणि पोलिसांकडील अर्ज यांचे काम त्यांच्या ठरलेल्या मार्गानेच होते, आणि चेंगराचेंगरी, आग किंवा शॉर्टसर्किट अशा प्रसंगी पोस्ट लिहीत बसू नये; ११२ वर किंवा महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या १९१६ वर थेट फोन करावा.

लिंक्डइन नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठी आहे, तेथे आरतीचे चित्रण टाकण्यात अर्थ नाही. मात्र मंडळ अभ्यासिका किंवा रुग्णसाहित्य केंद्र चालवत असेल, तर वेळ देऊ शकणारे शिक्षक आणि डॉक्टर शोधण्यासाठी एखाद्या सभासदाने स्वतःच्या खात्यावरून केलेले आवाहन उपयोगी पडते. टेलिग्रामवर २ जीबीपर्यंतची फाइल जाते, म्हणून अभ्यासिकेच्या टिपणांसाठी ते सोयीचे आहे. तिथले नेहमीचे संभाषण व्हॉट्सॲपसारखे दोन टोकांमध्ये कुलूपबंद, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येईल असे, नसते, तेव्हा वर्गणीदारांच्या याद्या त्यावर ठेवू नयेत.

वर्गणीबाबत अधिक काटेकोर राहावे लागते. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यायची असते, आणि परवानगीचा किंवा नोंदणीचा क्रमांक आवाहनात छापलेला असावा. क्यूआर कोडचे चित्र ग्रुपागणिक फिरू लागले, की त्याऐवजी दुसरा कोड घालून पैसे उकळणे सोपे होते. म्हणून कोड मंडपातील फलकावर आणि फेसबुक पेजच्या पिन केलेल्या पोस्टमध्ये, अशा दोनच जागी ठेवावा, इतरत्र त्या जागेकडे बोट दाखवावे आणि पैसे पाठवताना पडद्यावर मंडळाचेच नाव दिसले पाहिजे हे प्रत्येक आवाहनात लिहावे. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवावे. कोणी किती वर्गणी दिली याची यादी अहवालात छापण्याची प्रथा जुनी असली, तरी तीच यादी सर्वांना खुल्या असलेल्या पेजवर टाकणे योग्य नाही. लहान मुलांच्या स्पर्धांची छायाचित्रेही पालकांना विचारून आणि शाळेचे नाव वगळूनच द्यावीत.

शेवटी खात्यांच्या मालकीची व्यवस्था लावावी. सर्व खाती मंडळाच्या स्वतःच्या सिमकार्डावर आणि ईमेलवर उघडावीत, प्रत्येकावर द्विस्तरीय पडताळणी चालू करावी, आणि कार्यकारिणी बदलली की पासवर्ड बदलून त्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात करावी. पासवर्ड अर्थातच इतिवृत्तात लिहू नये. यूट्यूब चॅनलवर पासवर्ड न देताही इतरांना अधिकार देता येतात, ती सोय वापरावी. अनंत चतुर्दशीनंतर मंडळाचा फोन कपाटात जातो आणि पुढच्या श्रावणात बाहेर निघतो, हा अनेक ठिकाणचा शिरस्ता आहे. १२० दिवस न वापरलेले व्हॉट्सॲप खाते सहसा काढून टाकले जाते, आणि रिचार्ज न केलेला नंबर कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. तेव्हा खजिनदाराने त्या सिमचे रिचार्ज वर्षभराच्या खर्चात धरावे आणि चिटणीसाने महिन्यातून एकदा तरी तो फोन चार्ज करून इंटरनेटला जोडावा.