सैनिकाच्या विधवेचा पेन्शन अर्ज, १८३८: कोर्टात जाण्याआधीची तयारी

अमेरिकन क्रांतियुद्धात (इंग्रजांविरुद्धच्या, १७७५-८३) लढलेल्या सैनिकाच्या विधवेला पेन्शन हवी असेल, तर नवरा कुठल्या लढाईत होता हे नंतर बघायचं. आधी बघायचं ते लग्न कधी झालं. ४ जुलै १८३६ च्या कायद्यानं पेन्शन दिली ती नवऱ्याची सैन्यातली शेवटची मुदत संपण्याआधी लग्न झालेल्या विधवांना. ७ जुलै १८३८ च्या कायद्यानं दार थोडं रुंद केलं: लग्न १ जानेवारी १७९४ च्या आधीचं असलं की चालेल. मात्र ही पेन्शन पाचच वर्षांची, ४ मार्च १८३६ पासून मोजायची. म्हणून पहिलं काम म्हणजे बाई दोन्हीपैकी कुठल्या कायद्यात बसतात ते ठरवणं. लग्न सैन्यातली नोकरी संपण्याआधीचं असेल तर १८३६ च्याच कायद्याखाली अर्ज करा, कारण ती पेन्शन विधवा असेपर्यंत चालू राहते. आपण १८३८ साली आहोत असं धरून ही तयारी मांडली आहे. इथं धरलेल्या बाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या, सहीच्या जागी फुली मारणाऱ्या, १८३८ च्या कायद्यात बसणाऱ्या. आणि तयारी करणारा त्यांचा मुलगा, जावई नाहीतर शेजारी.

लग्नाचा पुरावा हाच या कामाचा कणा आहे, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांत, लग्न झालं असेल तर टाउन क्लार्ककडे (गावच्या नोंदी ठेवणाऱ्याकडे) जा आणि नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. फक्त लग्नाच्या जाहीर सूचनेची नोंद सापडली तर तीही घ्या, पण लग्न लागल्याचा पुरावा वेगळा जोडा, कारण सूचना दिली म्हणून लग्न झालंच असं होत नाही. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात काउंटीच्या (जिल्ह्याच्या) दप्तरात लग्नाआधी लिहून दिलेलं जामीनपत्र मिळतं. त्यालाही हाच नियम. चर्चची नोंदवही असेल तर पाद्र्याकडून नक्कल आणि तिच्या खरेपणाबद्दल शपथपत्र, दोन्ही घ्या.

यातलं काहीच नसेल तर घरचं बायबल काढा. त्यातल्या कोऱ्या पानांवर लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद असते. नक्कल पाठवली की शंका येते, म्हणून मूळ पानच फाडून अर्जाला जोडावं लागतं. पान परत येईल अशी आशा धरू नका. अशी कितीतरी पानं आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या त्या बाईच्या फाइलमध्ये पडून आहेत. म्हणून आधी घरासाठी उतरवून घ्या. पानासोबत शपथपत्र हवंच: अक्षर कुणाचं, नोंद केव्हा केली, बायबल इतकी वर्षं कुणाकडे होतं. छपाईचं सालही बघा. बायबल १८०२ चं आणि लग्नाची नोंद १७८५ ची असेल, तर ती मागाहून उतरवलेली आहे हे कुणालाही दिसतं. जुन्या कागदावरून उतरवली असेल तर तसं शपथेवर सांगून टाका. पुसट आकडा गिरवून ठळक करायचा मोह आवरा. एका गिरवलेल्या आकड्यापायी खरी नोंदही खोटी ठरते.

पानही नसेल तर लग्नाला हजर असलेली दोन माणसं शोधा. बाईंची धाकटी बहीण, करवली, शेजारीण, कुणीही चालेल. तारीख आठवत नसेल तर ती बळेच वदवू नका. मोठ्या घटनेला बांधून विचारा: न्यू इंग्लंडमध्ये भरदुपारी अंधार पडला तो १९ मे १७८० चा दिवस, काउपेन्सची जानेवारी १७८१ ची लढाई, इंग्रजांची यॉर्कटाउनची ऑक्टोबर १७८१ ची शरणागती, इंग्रजांनी न्यूयॉर्क सोडलं तो नोव्हेंबर १७८३. लग्न त्याच्या आधीचं की नंतरचं, हिवाळ्यातलं की कापणीच्या दिवसांतलं, एवढं कळलं तरी साल हाती लागतं. थोरल्या मुलाच्या जन्माची तारीखही कामाला येते, कारण पोरगं १७८७ चं असेल तर लग्नही १७९४ च्या आधीचं, हे मानायला आधार मिळतो.

सातारा-कोल्हापूरकडच्या माजी सैनिकांच्या घरांत हे वेगळं समजवावं लागणार नाही. पार्ट टू ऑर्डरला (जवानाच्या घरच्या नोंदी करणाऱ्या लष्करी आदेशाला) लग्नाची नोंद नसली किंवा बायकोचं नाव चुकलं, तर फॅमिली पेन्शन कुठं अडते हे तिथं ठाऊक असतं. फिलाडेल्फियाजवळच्या शेतातल्या एखाद्या म्हातारीचं दुखणं तेच होतं, फक्त तिच्या वेळी नोंद करणारं कार्यालयच नव्हतं.

आता नवऱ्याची नोकरी. तो जिवंतपणी पेन्शनर असेल तर निम्मं काम झालं. त्याचे कागद पेन्शन कार्यालयात आहेतच. त्याचं प्रमाणपत्र जोडा, कुठल्या राज्याच्या यादीत नाव होतं ते लिहा, आणि हाच तो माणूस एवढं सिद्ध करा. तो पेन्शनर नसेल तर किमान सहा महिन्यांची नोकरी दाखवावी लागते. मिलिशियातल्या, म्हणजे गावोगावच्या नागरी सैन्यातल्या, छोट्या मुदती जोडून सहा महिने भरले तरी चालतात. प्रत्येक मुदत वेगळी मांडा: कुठल्या गावातून, कुठल्या महिन्यात निघाला, स्वतःहून गेला, सक्तीच्या भरतीत नाव निघालं म्हणून गेला की दुसऱ्याच्या बदली, कॅप्टन कोण, कर्नल कोण, कुठं कुठं कूच केलं, केव्हा सोडलं. कॅप्टनचं नाव नसेल तर हजेरीपटात शोधायचं तरी कुठं? मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटनं हजेरीपट आणि पगाराच्या याद्या जपल्या आहेत, तिथून दाखला मागवा. वॉशिंग्टन शहरातल्या सरकारी कागदांवर सगळी भिस्त ठेवू नका. वॉर डिपार्टमेंटचे (युद्धखात्याचे) कागद नोव्हेंबर १८०० च्या आगीत जळाले. दक्षिणेकडच्या मिलिशियाच्या नोंदी विरळ आहेत, तिथं सोबत लढलेल्या जिवंत माणसाच्या साक्षीवाचून निभाव लागत नाही. तो साक्षीदार ऐंशीच्या घरात असणार, तेव्हा सगळ्यात आधी त्याचीच जबानी घ्या.

रकमेचा हिशोबही आधी करून ठेवा, म्हणजे पेन्शनचे कागद चालवणारा एजंट फसवणार नाही. साध्या शिपायाचा पगार महिन्याला ६ डॉलर आणि दोन तृतीयांश, म्हणजे वर्षाला ८० डॉलर. दोन वर्षं किंवा जास्त नोकरी असेल तर पूर्ण ८०. कमी असेल तर त्या प्रमाणात. नऊ महिन्यांचे वर्षाला ३०, सहा महिन्यांचे २०. एक महिना जास्त सिद्ध झाला तर वर्षाला तीन डॉलरहून थोडं अधिक मिळतं, म्हणून छोटी मुदतही सोडू नका. पण दिवस फुगवूही नका. हजेरीपटाशी मेळ बसला नाही की बाकीच्या शब्दावरचा विश्वासही जातो.

बाईंची स्वतःची जबानी कोर्टाच्या न्यायाधीशासमोर शपथेवर होते. बाईंना चालवत नसेल तर न्यायाधीश घरी येऊ शकतो. तसं कारण जबानीत लिहून घ्या. त्यांचं पूर्ण नाव, वय, माहेरचं नाव, लग्नाची तारीख आणि लग्न लावणाऱ्याचं नाव, नवऱ्याच्या मृत्यूची तारीख, आणि आज त्या विधवा आहेत हे वाक्य, यातलं काही सुटू नये. मधे दुसरं लग्न होऊन तो नवराही वारला असेल तर लपवू नका. पुढं २३ ऑगस्ट १८४२ च्या कायद्यानं तेवढ्यासाठी हक्क जात नाही हे स्पष्ट केलं. बाईंनी स्वतः जे पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत येऊ द्या. सॅरा ऑस्बॉर्ननं १८३७ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, पेनसिल्व्हेनियातल्या वेन काउंटीत जबानी दिली. यॉर्कटाउनच्या खंदकांत तिनं शिपायांना मांस, पाव आणि कॉफी नेऊन दिली होती. तोफगोळ्यांची भीती वाटत नाही का, असं जनरल वॉशिंग्टननं विचारलं, तेव्हा माणसांनी लढायचं आणि वर उपाशीही राहायचं हे जमायचं नाही, असं ती म्हणाली. शरण आलेल्या इंग्रजांच्या ढोलांवर बांधलेले काळे रुमालही तिला आठवत होते. तिचा नवरा आरन तिला सोडून गेला होता, पुढं तिनंही दुसरा संसार केला होता. तरी आरनच्या नोकरीवर तिला पेन्शन मिळाली.

प्रत्येक शपथपत्राखाली, ज्याच्यासमोर ते झालं त्या अधिकाऱ्याला तो अधिकार आहे असं काउंटी क्लार्कचं प्रमाणपत्र आणि शिक्का हवा. नुसता शिक्का राहिला म्हणूनही कागद परत येतात, आणि या वयात एक फेरी वाया जाणं परवडत नाही. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकसारखं ठेवा. जुन्या यादीत वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असं साक्षीदाराकडून वदवा.

एजंटला मुखत्यारपत्र देताना फी आधी ठरवा आणि लिहून घ्या. पेन्शनचा हक्क गहाण टाकणं किंवा विकणं कायद्यानं रद्दबातल आहे, तेव्हा तशा कागदावर फुली मारू देऊ नका. मंजुरीनंतर पैसे वर्षातून दोनदा, ४ मार्च आणि ४ सप्टेंबरला देय होतात.

अर्ज फेटाळला गेला तर कारणाचं पत्र आणि सगळ्या नकला नीट ठेवा. पुष्कळदा कारण पुराव्याच्या अभावाचं असतं आणि नवा साक्षीदार मिळाला की तीच फाइल पुन्हा उघडते. लग्न १७९४ नंतरचं म्हणून नकार आला असेल तर कायद्यावर लक्ष ठेवा: पुढं २९ जुलै १८४८ च्या कायद्यानं मर्यादा २ जानेवारी १८०० च्या आधीच्या लग्नांपर्यंत नेली, आणि ३ फेब्रुवारी १८५३ च्या कायद्यानं त्यानंतर लग्न झालेल्या विधवाही घेतल्या. १८५५ साली चौदा दिवसांच्या नोकरीवरही १६० एकर जमिनीचा हक्क आला, आणि त्यालाही हेच कागद लागले.