नागपुरात मोटारसायकल चालवणाऱ्याची वर्षभराची तयारी

नागपूर आणि भोवतालचा मुलूख बहुतांशी सपाट असल्यामुळे येथे गाडी शिकलेल्या माणसाला सरळ रस्त्यावर वेग धरण्याची सवय लवकर लागते. उतारावर वेग आवरणे आणि वळणाच्या पुढे नजर ठेवणे या गोष्टी शिकण्याची वेळ मात्र त्याच्यावर क्वचितच येते. त्यात येथील ऊन आणि काळी माती स्वतःचे वेगळे कौशल्य मागतात, म्हणून ही यादी ऋतूंच्या क्रमाने मांडतो.

उन्हाळ्याची तयारी मार्चमध्येच पूर्ण करावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो तेव्हा हवा त्वचेपेक्षा गरम असते, त्यामुळे धावत्या गाडीवर लागणारा वारा अंगाला तापवतो, आणि घाम क्षणात वाळत असल्याने शरीरातले पाणी किती कमी झाले हे कळतही नाही. दुपारी निघणे अपरिहार्य असेल तर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत आणि हेल्मेटखाली पातळ सुती दुपट्टा ओला करून बांधावा. जाड दुपट्ट्यामुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, म्हणून तो टाळावा. पाऊण तासाने सावलीत थांबून मीठ-साखरेचे पाणी किंवा पन्हे प्यावे. विनाकारण चिडचिड होऊ लागली किंवा ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा दाबला गेला, तर तेथेच थांबावे. टायरमधील हवा सकाळी गाडी काढण्यापूर्वी तपासावी. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढून टाकणे चूक आहे. हेल्मेटला गडद काच लावून वर्धा मार्गावरील उड्डाणपुलाच्या सावलीत शिरताना डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, म्हणून सावलीच्या अलीकडेच वेग कमी करावा.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि सर्वांत अवघड परीक्षा सुरू होते. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात; तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता त्यामुळे लाटांसारखा वरखाली होतो आणि त्याच्या कडा खचतात. अशा रस्त्यावर कडेला न चिकटता आपल्या बाजूच्या मधल्या भागातून जावे. पांदण रस्त्यावर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, तर ही माती टायरला थरावर थर चिकटत जाते. काही वर्षांपूर्वी उमरेड मार्गावरून आत वळलेल्या अशाच एका पांदणीत माझ्या गाडीचे पुढचे मडगार्ड चिखलाने इतके गच्च भरले की चाक फिरायचेच थांबले आणि मी आडवा झालो. तेव्हापासून पावसाळ्यात बांबूची एक चपटी काडी मी गाडीला बांधून ठेवतो आणि दर काही अंतरावर चिखल खरवडून काढतो. अशा जागी दुसरा गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकपासून दूर ठेवलेला हात, एवढेच उपयोगी पडते.

आपल्या गाडीला एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे की सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी यंत्रणा), आणि एबीएस असल्यास ते एकाच चाकाला आहे की दोन्ही चाकांना, हे प्रत्येकाने पाहून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत ते नाही. ओल्या मोकळ्या मैदानावर ताशी ३० किलोमीटर वेगाने ब्रेक लावण्याचा सराव पाऊस लागताच करावा. शहरातल्या सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूचे गट्टू (फरशीसारखे बसवलेले सिमेंटचे ठोकळे) यांच्या उंचीत फरक असतो. कडेला समांतर राहून वर चढू पाहिल्यास टायर घसरतो, तेव्हा वेग कमी करून कडेशी शक्य तितका काटकोन साधून चढावे. नरेंद्रनगर आणि लोहापूल येथील पुलांखाली पाणी साचते. दुभाजकाचा पाया दिसत नसेल तर गाडी वळवावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा ओळखीच्या रस्त्यांची खोलीही समजेनाशी झाली होती.

ऑक्टोबरमध्ये घाटाचा सराव करावा. प्रथम रामटेकच्या गडाचा वळणदार रस्ता चढून उतरावा आणि उतरताना इंजिनाच्या जोरावर वेग आवरायला शिकावे. हात बसल्यावर छिंदवाडा मार्गावरील सिल्लेवानी घाट गाठावा. वेग वळणात शिरण्यापूर्वीच कमी झालेला असावा आणि वळण सुटेपर्यंत ब्रेकला हात लागू नये. लांबच्या प्रवासाचा बेत असेल तर समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे हे लक्षात घेऊन मार्ग ठरवावा. काटोलकडे संत्र्याच्या हंगामात बागांतून भरलेली वाहने अचानक रस्त्यावर येतात.

थंडीत मनसरच्या पुढे जंगलाच्या बाजूने जाताना पहाटेचे धुके आणि रस्ता ओलांडणारी हरणे या दोहोंचा विचार करून उजाडल्यावरच निघावे. जानेवारीतला मोठा धोका मात्र शहरातच असतो. बंदी असूनही नायलॉन मांजा वापरला जातो आणि तो धावत्या चालकाचा गळा चिरतो. हँडलवर तारेची उंच कमान बसवावी, गळ्याभोवती जाड कापड गुंडाळावे आणि संक्रांतीच्या आठवड्यात लहान मुलाला टाकीवर बसवू नये. सण संपल्यावरही झाडांतून आणि विजेच्या तारांवरून मांजा लोंबत राहतो, म्हणून ती कमान मी फेब्रुवारी सरेपर्यंत काढत नाही.